नकाराचे कारण कळलेच पाहिजे

भिंतीवरचे बटण चालू आहे, अ‍ॅडॉप्टरवरचा चिमुकला दिवा जळतो आहे, पिन आपल्या जागी घट्ट बसलेली आहे, आणि इतका सारा बंदोबस्त यथास्थित असूनही पडद्याच्या कोपऱ्यातील बॅटरीचा आकडा सतरावरून सोळावर आणि सोळावरून पंधरावर उतरतच चालला आहे, असा प्रसंग ज्याच्यावर कधी आला नाही असा लॅपटॉपधारक आज विरळाच सापडेल. त्या चिन्हापाशी जाऊन चौकशी करावी, तर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ एवढाच शेरा वाचावयास मिळतो. म्हणजे वीज दारापर्यंत आली आहे हे यंत्रास मान्य, ती आपण आत घेत नाही हेही मान्य, परंतु का घेत नाही याविषयी एक अक्षर काढावयास ते तयार नसते. प्रवेशाचा अर्ज अखेरच्या दिवशी भरणारा विद्यार्थी असो, मुदतीच्या आत जीएसटीचे विवरणपत्र सादर करण्याच्या घाईत असलेला दुकानदार असो, की गुणपत्रके तयार करीत बसलेली शिक्षिका असो, त्या घटकेस त्यांच्यापैकी कोणालाही विद्युत्‌शास्त्राची जिज्ञासा नसते. त्यांना हवा असतो तो केवळ खुलासा, कारण तो मिळाला तरच पुढे काय करावयाचे याची दिशा ठरते.

यंत्र कारण सांगत नाही ते त्याला ठाऊकच नसते म्हणून, असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. इंटेल आणि ड्युरासेल या दोन कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘स्मार्ट बॅटरी’ची जी संहिता सिद्ध केली, तीत बॅटरीने आपले तापमान, आपला विजेचा दाब, आत येणारा व बाहेर जाणारा प्रवाह, आजवर झालेल्या भरण्या-उतरण्याच्या आवर्तनांची संख्या, इतकेच नव्हे तर आपल्या निर्मितीची तारीखसुद्धा दोन बारीक तारांवरून यंत्रास कळवीत राहावे, अशी योजना होती, आणि त्या योजनेची वारसदार व्यवस्था आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नांदत आहे. मदरबोर्डवर ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची एक स्वतंत्र चिप असते. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते, बॅटरीकडून आलेला सारा तपशील वाचते, आणि वीज आत घ्यावी की नाही याचा निर्णय करते. तात्पर्य, निर्णय देणाऱ्याजवळ निर्णयाचे कारण आकड्यांनिशी हजर असते, आणि तरीही ते वस्तूच्या धन्यास सांगितले जात नाही, ही माझी तक्रार आहे.

तहसील कचेरीत दिलेला अर्ज ‘नामंजूर’ एवढाच शेरा मारून परत आला, तर आपण स्वस्थ बसत नाही, आणि बसूही नये. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याने, निर्णयाची झळ ज्यास लागते त्यास त्या निर्णयाची कारणे कळविण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे. सरकारदरबारी जो हक्क आपण दीर्घ खटपटीने मिळविला, तो स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या आणि स्वतःच्याच मेजावर बसलेल्या यंत्रापुढे मात्र आपण निमूटपणे सोडून देतो, ही स्थिती विलक्षण म्हटली पाहिजे.

यंत्राच्या सावधपणाविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी हलकी आणि सामर्थ्यवान खरी, परंतु तिचा स्वभाव तापट आहे. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीला सोनीने बनविलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. निर्मितीच्या वेळी आत राहून गेलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे त्या पेट घेण्याचा संभव होता. असा इतिहास पाठीशी असता यंत्राने संशय आला की वीज घेण्याचे थांबवावे, हे योग्यच होय. नकार देण्याचा यंत्राचा अधिकार मला मान्य आहे. मात्र तो मुकाट्याने देण्याची मुभा त्यास असू नये.

अर्थात, जे यंत्राच्या बाहेर घडते त्याचा जबाब यंत्राकडे मागणे अन्यायाचे होईल. तेथली चौकशी आपली आपणच केली पाहिजे, आणि ती क्रमाने केली पाहिजे. आपल्याकडील नैयायिकांनी कार्यकारणभावाच्या निश्चयासाठी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन मार्ग सांगितले: एक गोष्ट असता दुसरी असते काय, आणि ती नसता दुसरी नसते काय, हे पडताळून पाहावे. चार्जरच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की एका वेळी एकच वस्तू बदलावी. दुसरा सॉकेट, दुसरी वायर, दुसरा अ‍ॅडॉप्टर आणि वर आणखी रीस्टार्ट, असे सारे उपाय एकदमच केले आणि बॅटरी भरू लागली, तर लॅपटॉप चालू झाला एवढेच समाधान मिळते. दोष कोणाचा होता ते अज्ञात राहते आणि चार दिवसांनी तो पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो.

आरंभ भिंतीपासून करावा. आपल्या घरांतील एक्स्टेन्शन बोर्ड हे संशयितांच्या यादीतले पहिले नाव होय. जाड पिन आणि बारीक पिन दोन्ही सामावून घेणारे त्यांचे सॉकेट काही वर्षांत सैल पडतात, वरून पाहता पिन आत गेलेली दिसते, परंतु आतल्या पितळी पात्यांनी तिला धरलेले नसते. तोच प्लग भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटात थेट लावून पाहिल्याने हा प्रश्न तत्काळ निकालात निघतो. विजेचा दाब कमी आहे म्हणून लॅपटॉप चार्ज होत नाही, असे खेड्यापाड्यांत पुष्कळदा म्हटले जाते. पण अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचली तर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब त्यास चालतो, असे तेथे छापलेलेच असते, आणि म्हणून जेथे पंखा रडतखडत फिरतो तेथेही लॅपटॉप सहसा कुरकुर करीत नाही. खरे भय असते ते उलट दिशेचे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, म्हणजे एकेका घरातील दाब २३० वरून चढत जाऊन तीनशे-साडेतीनशेच्याही पुढे जाऊ शकतो, आणि एका वस्तीतील अनेक घरांचे टीव्ही, फ्रिज आणि अ‍ॅडॉप्टर एकाच संध्याकाळी निकामी होतात. वळिवाच्या पावसात आकाश कडाडू लागले की प्लग काढून ठेवण्याची जुन्या माणसांची शिस्त याच कारणास्तव आजही पाळण्याजोगी आहे.

भिंतीनंतर अ‍ॅडॉप्टर. त्याच्या लेबलावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिले आहे; दोहोंचा गुणाकार सुमारे ६५ वॅट होतो, आणि हाच आकडा पदरचे पैसे खर्चून दुसरा अ‍ॅडॉप्टर घेताना विचारात घ्यावयाचा असतो. दाब जुळला पाहिजे, वॅट मूळच्याइतके किंवा अधिक असले पाहिजेत. ४५ वॅटचा अ‍ॅडॉप्टर ६५ वॅट मागणाऱ्या यंत्रास लावला, तर यंत्र चालेल परंतु बॅटरी भरणार नाही, किंवा रात्र सरली तरी भरून होणार नाही. वायर बहुधा दोन ठिकाणी तुटते: एक, अ‍ॅडॉप्टरच्या ठोकळ्यातून ती बाहेर पडते तेथे, आणि दुसरे, पिनेच्या मानेपाशी. वरचे रबर शाबूत राहून आतल्या तारांचे पदर एकेक करून तुटत जातात, आणि वायर एका विशिष्ट कोनात धरली असताच चार्जिंग सुरू होते. अशा वायरीला उशीचा, पुस्तकाचा टेकू देऊन महिनोन्‌महिने चालवून घेण्याची आपल्यात जी प्रथा आहे ती सोडून द्यावी, कारण ढिल्या जोडणीत ठिणग्या पडून शेवटी लॅपटॉपच्या बाजूचा जॅकही जळतो. मल्टिमीटर हाताशी असल्यास पिनेवरचा दाब मोजण्यास हरकत नाही. अ‍ॅडॉप्टर मात्र स्वतः कधीही उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

येथपर्यंतची चौकशी यंत्राच्या सीमेबाहेरची झाली. पिन जॅकमध्ये शिरते त्या ठिकाणी ही सीमा लागते, आणि तेथूनच यंत्राचे मौन दोषास्पद ठरू लागते. डेल आणि एचपी यांच्या गोल पिना निरखून पाहिल्यास मधोमध सुईसारखा एक बारीक काटा दिसतो. विजेचा भार वाहण्याचे काम त्याच्याकडे नाही. अ‍ॅडॉप्टर कोणत्या जातीचा आहे याची ओळख पटविणे एवढेच त्याचे कर्तव्य. तो काटा वाकला किंवा त्याची बारीक तार तुटली, म्हणजे वीज पुरेशी असूनही यंत्र ती फक्त स्वतःच्या चालण्यापुरती घेते आणि बॅटरीस देत नाही. अशा वेळी डेलचे पुष्कळ लॅपटॉप चालू होताना अ‍ॅडॉप्टरची ओळख पटत नसल्याचा संदेश स्पष्ट शब्दांत देतात, हे नमूद केले पाहिजे. यावरून कारण सांगणे अशक्य नाही हेच सिद्ध होते. पण तो संदेश यंत्र सुरू होण्याच्या क्षणी येतो, एक बटण दाबले की जातो, आणि पुढे दिवसभर तोच मुका शेरा आपल्या वाट्यास राहतो.

टाइप-सी जोडणीची कथा याहून बोधप्रद आहे. येथे चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात पुरेशी वीज वाहू लागण्यापूर्वी रीतसर बोलणी होतात: मी ५, ९, १५ आणि २० व्होल्ट देऊ शकतो, असे चार्जर सांगतो, आणि मला २० व्होल्टवर इतके अँपिअर हवे, असे लॅपटॉप उत्तर देतो. तीन अँपिअरहून अधिक प्रवाह न्यावयाचा असल्यास वायरीच्या टोकातही ओळख देणारी एक चिप असावी लागते; ती नसेल तर चार्जर १०० वॅटचा असूनही ६० वॅटच्या पुढे जात नाही. फोनचा चार्जर लॅपटॉपला लावून ‘बसतो तर आहे, मग चालत का नाही’ असे विचारणाऱ्या माणसास याचे उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते यंत्राजवळ असते. काय मागितले आणि काय मिळाले, हे दोन्ही आकडे वाटाघाटीच्या क्षणीच त्यास ठाऊक झालेले असतात. ते पडद्यावर मांडण्यास एक ओळ पुरेल. येथेही एक गोष्ट आपल्या हातची आहे: पिशवीत वावरणाऱ्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टात कापसाचे तंतू दाबून बसतात आणि वायर पूर्ण आत जात नाही, यंत्र बंद करून, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने ते काढावेत, धातूची टाचणी वापरू नये.

आता बॅटरीकडे वळू. ती वीज नाकारते त्याची कारणे मोजकी आणि सुबोध आहेत. पहिले कारण तापमान. साधारण ४५ अंशांच्या वर आणि शून्याच्या खाली लिथियम-आयन बॅटरी भरू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. मेअखेरच्या नवतप्यात चंद्रपूर किंवा नागपूर येथे बाहेरचीच हवा ४५ अंशांना भिडते, तेव्हा गादीवर ठेवलेल्या, बुडाची जाळी झाकल्या गेलेल्या लॅपटॉपची बॅटरी ती मर्यादा ओलांडील यात नवल नाही. अशा यंत्रास दुरुस्तीची गरज नसते. बंद करून अर्धा तास पंख्याखाली ठेवले म्हणजे काम होते. दुसरे कारण तर यंत्राच्या मालकाचीच आज्ञा असते. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय लेनोव्हो, आसुस इत्यादी कंपन्या देतात. ती कोणी तरी, बहुधा घरातल्या मुलाने, चालू केलेली असते, आणि ऐंशीवर अडलेला आकडा पाहून घरातील वडीलधारी मंडळी दुकान गाठतात. तिसरे कारण दीर्घ उपेक्षा. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी खोल उतरते, की तिच्या आतली संरक्षक व्यवस्था तिला पुन्हा भरू देणे धोक्याचे समजते. चौथे कारण वार्धक्य, ज्याचा पुरावा विंडोजमध्ये आधीपासून उपलब्ध आहे: ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द जोडला, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी मांडणारा दस्तऐवजच तयार होतो. हा दाखला सामान्य माणसाला सहज दिसेल अशा ठिकाणी न ठेवता काळ्या पडद्याच्या आज्ञांमागे का दडवावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

कधी कधी निर्णय देणारा कंट्रोलरच जुन्या समजुतीत अडकून पडतो. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, अ‍ॅडॉप्टर काढावा, पॉवरचे बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरावे आणि मग अ‍ॅडॉप्टर लावून यंत्र सुरू करावे, हा बिनखर्चाचा उपाय पुष्कळ वेळा लागू पडतो. परंतु टचपॅड वर उचलला गेला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा बूड फुगलेले दिसत असेल, तर वरीलपैकी एकही प्रयोग करू नये. बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर ताबडतोब काढावा, यंत्र बंद करावे, फुगवटा दाबण्याच्या किंवा टोचण्याच्या भरीस पडू नये आणि ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

इतके करूनही यंत्र बधले नाही, तर दुरुस्तीवाल्याकडे जाणे ओघानेच आले. आणि कारण दडविण्याची खरी किंमत येथे मोजावी लागते. ‘बोर्ड गेला, बोर्डच बदलावा लागेल’ हे वाक्य अधिकृत म्हणविणाऱ्या सेवाकेंद्रांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की ग्राहकास प्रतिप्रश्न सुचत नाही. सुचला तरी तो पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. याच्या उलट, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास एखाद्या जिन्याखालच्या दुकानात बसलेला कारागीर काय करतो ते पाहण्यासारखे असते. तो आधी आपल्याजवळचा खात्रीचा अ‍ॅडॉप्टर लावतो. मग बॅटरी सोडवून, बोर्ड आपल्या डीसी सप्लायला जोडून त्याच्या तांबड्या आकड्यांकडे पाहत राहतो. बटण दाबताच यंत्र किती अँपिअर ओढते, आकडा शून्यावरून हलतच नाही की एकदम उसळी घेतो, यावरून दोष जॅकपाशी आहे, चार्जिंग आयसीत आहे की कोठे शॉर्ट आहे, याचा अदमास तो बांधतो, आणि गिऱ्हाइकाला खुर्ची पुढे ओढावयास सांगून भिंगाखाली काळवंडलेला जॅक दाखवितो. जॅकचे काम शेकड्यांत होते, बोर्डाचे हजारांत जाते. आणि दोहोंतील अंतर पुष्कळदा केवळ कोणी कारण शोधले आणि कोणी शोधले नाही, एवढेच असते.

कारण उघड केले तर अडाणी माणसे स्क्रू उघडून बसतील आणि इजा करून घेतील, असा युक्तिवाद कंपन्यांच्या बाजूने केला जातो. तो टिकणारा नाही. ‘बॅटरी तापली आहे’ हे वाचणारा मनुष्य स्क्रूड्रायव्हर घेत नाही, तो लॅपटॉप सावलीत नेतो. ‘अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही’ हे वाचणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहतो. उलट अंधारात ठेवलेला मनुष्यच नसते प्रयोग करतो.

कायद्याची दिशाही हळूहळू याच बाजूस वळत आहे. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपांना टाइप-सी चार्जिंग आवश्यक ठरविले, आणि त्याच कायद्यात यंत्रास किती वॅट लागतात हे चिन्हाने दर्शविण्याची सक्ती केली. बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासूनचा आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप किती दुरुस्तीयोग्य आहे याचे गुण विक्रीच्या वेळीच जाहीर करावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ साली अहवालही सादर केला. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीची जी व्याख्या केली आहे, तीत ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडविणे याचा समावेश आहे. हे सारे स्वागतार्ह असले, तरी सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांच्या उपलब्धतेवर जेवढा भर आहे, तेवढा यंत्राने आपल्या नकाराचे कारण सांगावे या साध्या गोष्टीवर अद्याप नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपने चार्जिंग थांबविले, तर तापमान, अपुरे वॅट, ओळख न पटलेला अ‍ॅडॉप्टर, मालकाने घातलेली मर्यादा, किंवा निकामी बॅटरी, यांपैकी कोणत्या कारणास्तव थांबविले ते त्याच ठिकाणी, मालकाने निवडलेल्या भाषेत, मराठी निवडली असल्यास मराठीत, लिहून दाखविले पाहिजे. आणि होऊ घातलेल्या निर्देशांकात यासाठी स्वतंत्र गुण ठेवले पाहिजेत. यास नवे यंत्र लागत नाही, नवा शोध लागत नाही. तोवर वाचकांनी एवढे करावे, की दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी कोणता भाग निकामी झाला आणि तो निकामी आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरविले, याचा लेखी खुलासा मागावा, बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, आणि खुलासा नाकारला गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.